गोदामाचा थांबा

तिचा हात माझ्या मनगटावर पडला, दोन थापा मारून थांबला. मग एक हलकी थाप. ती मारल्यावर हात उचलला गेला नाही, तसाच राहिला. मी खिडकीबाहेर बघत होतो ते बघायचं राहून गेलं. बस चालली होती की सिग्नलला उभी होती हेही कळेना. मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ती गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, डोकं पुढच्या सीटच्या दांडीकडे झुकलेलं, एक हात मांडीवरच्या पिशवीवर आणि दुसरा माझ्या मनगटावर. परत दोन थापा. थांबून एक. आणि मग नुसता ठेवलेला हात, उबदार, थोडा जड.

हे थोपटणं माझ्या बायकोचं होतं. जगात दुसऱ्या कुणाचं असं नसेल असं मी म्हणत नाही, मला जगातलं काय माहीत. पण माझ्या पाठीला हे एकच माहीत आहे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती नगरपालिकेच्या पाळणाघरात लागली आणि तेव्हापासून झोपेतसुद्धा तिचा हात चालायचा. दिवसभर तान्ही मुलं थोपटून तो हात रात्री थांबायचं विसरायचा. मी म्हणायचो, "अगं, मी झोपलोय कधीचा, आता तूही झोप." ती झोपलेलीच असायची. ती गेल्यापासून मला झोप नाही. म्हणजे डोळे मिटतात, थोडा वेळ जातो, आणि पाठीला काहीच लागत नाही म्हणून जाग येते. डॉक्टर म्हणाले, वयाने असं होतं. मी हो म्हणालो. त्यांना काय सांगणार, की मला थोपटायला कुणी नाही? म्हाताऱ्या माणसाने डॉक्टरला सांगायची ही गोष्ट आहे का?

शेजारी झोपलेल्या या बाईला पाळणाघरात सगळे 'नवी' म्हणतात. तिला येऊन बरीच वर्षं झाली, तिचा स्वतःचा मुलगा आता शाळेत जातो, केसात पांढरं दिसायला लागलंय, तरी ती नवीच. कारण तिच्यानंतर नगरपालिकेने कुणाला घेतलंच नाही. तिला तान्ह्यांच्या खोलीत माझ्या बायकोच्या हाताखाली दिलं होतं. बायको घरी येऊन सांगायची, "नवीचा हात चांगला आहे, फक्त घाई करते. मूल झोपलं की लगेच उचलते. मी सांगितलं, शेवटची थाप मारली की हात तिथंच ठेवायचा. मुलाला कळलं पाहिजे की हात गेला नाही. हात गेला की मूल उठतं." नवीने घाई सोडलेली दिसत होती. माझ्या मनगटावरचा हात हलत नव्हता.

झोपायच्या आधी तिने मला सांगून ठेवलं होतं. "काका, डुलकी लागली तर उठवा हं. गोदामाच्या थांब्यावर उतरायचंय. पाळी बदलायच्या आत पोचले तरच सही घेतील, नाहीतर मागे रांग लागलीय, सुपरवायझर दुसरीला घेईल. आजचा शेवटचा दिवस आहे." मी म्हणालो, "उठवतो की. निवांत झोप." ती म्हणाली, "निवांत कुठली काका, संध्याकाळची धुणीभांडी अजून व्हायचीत," आणि हसली, आणि वाक्य संपायच्या आत झोपली. पाळणाघरातून सुटल्यावर ती दोन घरची कामं करते. गोदामात ती करावी लागणार नाहीत. गोदामात खोकी भरायची, चिकटपट्टी लावायची, पुढे सरकवायची. आजारपणाची रजा आहे. दवाखान्याचं कार्ड आहे. "बूट देतात काका," ती मला चढतानाच म्हणाली होती, "बूट!" माझी मान आपोआप खाली गेली. माझ्या पायात नगरपालिकेचे बूट होते.

मी पाण्याच्या पंपावर होतो. त्याच नगरपालिकेत, कायम. गणवेश, बूट, रेनकोट, निवृत्तीनंतर पेन्शन. बायकोही नगरपालिकेतच, पण ती कामगार नव्हती. तिला मानधन होतं. पगार आणि मानधन यातला फरक मला तिने समजावला होता. "पगार कामाचा देतात. मानधनात मान आपला आणि धन त्यांचं." असं बोलून ती स्वतःच हसायची आणि उद्याचे लंगोट दोरीवर टाकायला जायची. पाळणाघराचं धुण्याचं यंत्र बिघडलेलं होतं म्हणून लंगोट आमच्या घरी. बिघडलेलं म्हणजे एक पट्टा तुटला होता. तो बदलायला मंजुरी हवी होती आणि मंजुरी द्यायला ते यंत्र कुठल्या खात्याचं हे आधी ठरायला हवं होतं. शेवटी पट्टा मीच पंपघरातून आणून बसवला. पण तोवर बायकोच्या हाताला सवय झाली होती.

पंपावर मला बरं नसलं की बदली माणूस यायचा. मी कळवायचो, तो यायचा. तो आला नाही तर इंजिनीयर स्वतः येऊन उभा राहायचा, कारण पंप थांबला की तासाभरात शहर बोंब मारतं. पाळणाघराला आधी एक बदली बाई होती. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी काही झालं, की ती यायची. गप्प, लांब वेणीची बाई. ती असेपर्यंत माझ्या बायकोने रजा घेतल्याचं मला आठवतं. एकदा आम्ही दोघं समुद्रावर गेलो होतो. ती वाळूत बसली आणि पाचच मिनिटांत झोपली, आणि तिचा हात वाळू थोपटत राहिला. मी बराच वेळ ते बघत बसलो. वाळूवर तळव्याएवढा खड्डा पडला होता.

ती बदली बाई कशी गेली ते आमच्या घरात आम्ही फार बोलायचो नाही. पाळणाघराचे पैसे डोक्यांवर येतात. वरचं सरकार एक हिस्सा देतं, तेवढाच नगरपालिका टाकते, आणि किती डोकी हे वर्षातून एकदा मोजायला एक साहेब येतो. त्या वर्षी तो दुपारी आला. दुपारी तान्ही झोपलेली. खोलीला जाड पडदे, आत अंधार, प्रत्येक पाळण्यावर चादर. साहेब म्हणाला, दिवा लावा. बायको म्हणाली, नाही. साहेब म्हणाला, मग पडदा सरकवा. ती म्हणाली, साहेब, बाहेर बसा, मुलं उठली की मोजा, मी चहा देते. त्याला पुढे आणखी दोन पाळणाघरं होती. तो म्हणाला, "बाई, मला दिसतं तेवढंच मी लिहिणार." ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "झोपलेल्याला आम्ही उठवत नाही. कुणासाठीही नाही." त्याने मोठ्या मुलांची डोकी मोजली आणि तो निघून गेला. पुढच्या वर्षी तान्ह्यांचा हिस्सा आला नाही. बदली बाईला नारळ मिळाला. सगळ्या बायांना माहीत होतं आणि एकीनेही माझ्या बायकोला तोंडावर काही म्हटलं नाही. तेच वाईट. कुणी म्हटलं असतं तर ती भांडली असती, आणि भांडून मोकळी झाली असती. त्याऐवजी तिने रजा घ्यायचं सोडलं. जणू ती बदली आता तिलाच भरून काढायची होती.

म्हणून खोकला सुरू झाला तेव्हा ती म्हणाली, पावसाळा संपला की दाखवते. मग म्हणाली, खोलीतल्या दुसऱ्या बाईचं बाळंतपण उरकलं की दाखवते, ती रजेवर आहे. मी म्हणालो, एक दिवस पाळणाघर बंद राहिलं तर काय होतं? ती म्हणाली, "तुमचा पंप एक दिवस बंद ठेवा, मग सांगते." सकाळी सात वाजता आया मुलं घेऊन दारात उभ्या असतात, त्यांच्या पाळ्या असतात, त्यांच्याही डोक्यावर सुपरवायझर असतात. एक बाई आली नाही की एवढ्या मुलांना परत पाठवावं लागतं आणि तेवढ्या आया त्या दिवशी कामाला मुकतात. हे ती सगळं जाणून होती. खोकला मात्र हे काही जाणत नव्हता. शेवटी दवाखान्यात तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतके दिवस काय करत होता?" बायको म्हणाली, "मुलं सांभाळत होते." डॉक्टरीणबाईंना वाटलं घरची. "किती आहेत?" त्यांनी विचारलं. बायको मोजायला लागली. मला त्या खोलीतसुद्धा हसू आलं. तिलाही आलं, पण हसता हसता खोकला आला.

आज अर्ध्या दिवसाने पाळणाघर सुटल्यावर तिथल्या बाया मला नगरपालिकेच्या सभेला घेऊन गेल्या. हेडबाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बोललात तर ऐकतील. तुम्ही त्यांचेच माणूस. आणि ताईंची आठवण करून द्या. बदली बाईची जागा परत द्या, एवढंच मागायचं." मी शर्टाला इस्त्री केली. गळ्याचं बटण लावायचं की नाही यावर बराच वेळ घालवला, कारण ते ती ठरवायची. सभागृहात गार हवा होती आणि खुर्च्या इतक्या मऊ की रात्रभर न झोपलेल्या माणसाने तिथं बसणं धोक्याचं. आमचा विषय मधेच कुठेतरी होता. बागा, कारंजी आणि पाळणाघरं यांचं खातं एकच आहे हे मला तिथं कळलं.

अध्यक्षबाई फार चांगल्या बोलल्या. त्या म्हणाल्या, "तुमचं काम हे काम नाही, सेवा आहे. आईची माया आहे. तिचं मोल आम्ही कसं करणार?" हेडबाई पुटपुटल्या, "करून तर बघा एकदा." ते माईकमध्ये गेलं. लोक हसले, अध्यक्षबाईही हसल्या. मग हिशेबाच्या साहेबांनी समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता, आवाज मऊ होता. "बाई, तरतूद डोक्यांवर होते. डोकी कमी म्हणून वरचा हिस्सा कमी. वरचा कमी म्हणून आमचाही कमी." हेडबाई म्हणाल्या, "डोकी कमी कुठं साहेब? नाव घालून वाट बघणाऱ्यांची रांग आहे." "मग घ्या ना त्यांना." "घ्यायला बाया नाहीत." "आणि डोकी नाहीत म्हणून बाया देता येत नाहीत," साहेब म्हणाले, आणि दोघांचं एकमत झाल्यासारखी त्यांनी मान हलवली. मग माझ्या बायकोचं नाव निघालं. अध्यक्षबाई म्हणाल्या, आपण दोन मिनिटं उभं राहू या. सगळे उभे राहिले. उभं राहायला तरतूद लागत नाही. मी सगळ्यांच्या चपला-बुटांकडे बघत उभा होतो. कुणीतरी जांभई गिळली ते मला ऐकू आलं, आणि मला त्याचा राग आला नाही, हेवा वाटला.

मग मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, मी पंपावर होतो. मी आजारी पडलो की बदली यायचा. तिला बदली नव्हता. पंपाला होता. एवढंच बोललो. आणखी पाठ केलं होतं, ते आठवलं नाही. मग एक सभासद आपुलकीने पुढे झुकून म्हणाले, "काका, पाण्याचा काही त्रास आहे का तुमच्याकडे? दाब कमी येतो का?" बाजूच्याने त्यांना कोपराने ढोसलं, पण तोवर एक कारकून माझ्याजवळ येऊन माझा पत्ता विचारू लागला होता. मी पत्ता सांगितला. का सांगितला कोण जाणे. माणसाने विचारलं की सांगतो आपण. आमचा विषय तहकूब झाला. त्यानंतरचा विषय चौकातल्या कारंज्याच्या पंपाची वार्षिक देखभाल हा होता, तो चर्चेशिवाय मंजूर झाला. त्या पंपाला मी हात लावलेला आहे. चांगला पंप आहे. त्याला देखभालीची गरजही फारशी नाही.

बाहेर पायऱ्यांवर बाया गोळा होऊन उभ्या राहिल्या. नवी म्हणाली, "मी आज गोदामात जाऊन सही करते." ती गेली की तान्ह्यांच्या खोलीत एकच बाई उरते, आणि एका बाईवर ती खोली चालवता येत नाही, नियम आहे. म्हणजे खोली बंद. हेडबाई म्हणाल्या, "जा बाई. मी तुला अडवणार नाही. माझे गुडघे धड असते तर मीही आले असते खोकी भरायला." नवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई असत्या तर त्यांनी अडवलं असतं," ती म्हणाली. हेडबाई म्हणाल्या, "ताई नाहीत म्हणून तर आलोय आपण इथं." आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. मी म्हणालो, खरंय ते. नवी आणि मी एकाच दिशेचे, म्हणून एका बसमध्ये चढलो.

आता बस उड्डाणपुलावर चढत होती. पूल उतरला की पेट्रोल पंप, मग गोदामाची लांब निळी भिंत, आणि भिंतीच्या टोकाला थांबा. दोन थापा. एक. आणि ठेवलेला हात. माझ्या डोळ्यांवर झापड यायला लागली होती. किती दिवसांनी येत होती ते मी सांगू शकत नाही. ती मनगटापासून वर चढत होती, दंडातून खांद्याकडे, आणि खांदा आपोआप सैल पडत होता. मला भीती वाटली की मी झोपेन आणि तिचा थांबा चुकेल. पुलाच्या उतारावर मला कळलं की भीती नाही वाटत, तसंच व्हावं असं वाटतंय. मी झोपलो असतो तर कुणाचाच दोष नव्हता. म्हातारा माणूस, डोळा लागला. पण झोप अर्ध्यावर येऊन थांबली. मी लख्ख जागा होतो आणि पेट्रोल पंप गेला.

मी विचार केला, हा हात उद्यापासून खोकी सरकवणार. चिकटपट्टी ओढणार, कापणार, दाबणार. वर्षभराने तो झोपेत काय करेल? झोपेत चिकटपट्टी लावेल. मग ती थाप कुणाकडेच राहणार नाही. माझ्या बायकोने ती कुठून आणली होती कुणास ठाऊक, तिने एवढ्या मुलांना दिली, ती मुलं तर झोपलेली होती, त्यांना काय आठवणार. एकीनेच ती जागेपणी शिकून घेतली. निळी भिंत सुरू झाली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कामगार हवेत. फाटकाशी बायकांची रांग दिसत होती, पायांत चपला, हातात पिशव्या. नवीची जागा त्यांच्यातलीच कुणीतरी घेईल, घरी जाऊन तीही म्हणेल, बूट देतात. घंटी वाजली, कुणीतरी पुढून ओरडलं, "गोदाम! गोदामवाले!" नवीला जाग आली नाही. या बायांना आरडाओरड्याने जाग येत नाही. तान्हं नुसतं हुंकारलं तर येते.

मला फक्त हात हलवायचा होता. तेवढ्यानं ती उठली असती. मी मनाशी म्हणालो, झोपलेल्याला आम्ही उठवत नाही. कुणासाठीही नाही. बायकोचाच शब्द होता, तिच्याच आवाजात मी तो मनाशी म्हटला. आणि म्हणतानाच मला माहीत होतं की तिने तो मुलासाठी म्हटला होता, दारात उभं राहून, स्वतःच्या अंगावर घेऊन. मी तो सभागृहातल्या त्या अध्यक्षबाईंसारखा म्हणत होतो. एका बाईचा हात आपल्याला हवा आहे, त्याचं काही द्यायचं नाही, आणि वर त्याला माया म्हणायचं. पायांत बूट घालून बसलो होतो. पाय हलले नाहीत. दार उघडलं, चौघी-पाचजणी उतरल्या, एक चढली, दार बंद झालं. भिंत मागे सरकत सरकत संपली. पुढे दुकानं लागली, एक शाळा, एक रिकामं मैदान. तिथं मुलं खेळत नव्हती, नुसतं मैदान होतं.

बसला धक्का बसला तसे तिने डोळे उघडले. अर्धेच. पिशवी सावरली, माझ्याकडे पाहिलं, कुणाकडे बघतोय हे तिला क्षणभर कळलं नसावं. "काका," ती म्हणाली, जड आवाजात, "गोदाम आलं का?"

"नाही अजून," मी म्हणालो. "झोप तू."

तिने मान डोलावली आणि परत टेकवली. तिचा हात माझ्या मनगटावर होताच. दोन थापा. मग एक. तो तिथंच राहिला, आणि मी डोळे मिटले.